निवडीचा धर्म

इसवी सन २०२५ च्या नरकचतुर्दशीची सकाळ. अभ्यंगस्नान उरकून आम्ही देवदर्शनास गेलो होतो. आरती झाली, तीर्थप्रसाद झाला, आणि मंडळी नेहमीप्रमाणे सभामंडपाबाहेरील ओट्यावर विसावली. एरवी अशा दिवशी फराळाच्या आमंत्रणांची देवघेव व्हावयाची. पण त्या सकाळी दिवाळीचे नाव कोणी काढीना. आदल्या रात्री आमच्या इंदूरच्या होळकर मैदानावर महिलांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताचा संघ इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी हरला होता. इंग्लंडच्या २८८ धावांस उत्तर देताना आपला डाव २८४ वर अडला. ओट्यावर बसलेल्यांपैकी कित्येक जण मध्यरात्रीपर्यंत मैदानावरच होते, आणि पराभवाचे शल्य त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते.

वाद मात्र पराभवाविषयी नव्हता, निवडीविषयी होता. त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्ज हिला वगळण्यात आले होते. स्पर्धेत तोपर्यंत ती दोनदा शून्यावर बाद झाली होती. शिवाय संघात सहावा गोलंदाज हवा होता, म्हणून तिच्या जागी रेणुका सिंग हिला घेतले गेले. आमच्या मंडळींत एक निवृत्त मास्तर आहेत. ते म्हणाले, "दोन अपयशांवरून माणसाची पारख होते काय? मी असे केले असते, तर माझे अर्धे विद्यार्थी मॅट्रिकसुद्धा झाले नसते." त्यावर सियागंजात घाऊक दुकान असलेले एक शेटजी उसळून म्हणाले, "मास्तर, संघ म्हणजे तुमची शाळा नव्हे. इथे देशाचे नाव पणाला लागलेले असते. शिकायचे असेल त्याने घरी शिकून यावे." दोन्ही बाजूंना पाठीराखे मिळाले. आवाज चढले. अखेर कोणीतरी आमच्याकडे वळून म्हणाले, "वकीलसाहेब, आता तुम्हीच काय तो निवाडा करा."

आम्ही व्यवसायाला साजेल असे उत्तर दिले. म्हटले, "निकाल राखून ठेवला आहे." मंडळी हसली आणि पांगली. परंतु राखून ठेवलेला निकाल केव्हा तरी द्यावा लागतो. तो प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनातून गेला नाही, त्याला तसेच एक खाजगी कारणही आहे. ते पुढे ओघाने येईलच.

दिसावयास हा प्रश्न खेळाचा आहे. वस्तुतः तो प्रत्येक घराचा, पेढीचा आणि देवस्थानाचा आहे. योग्यता सिद्ध झाल्यावर संधी द्यावी, की संधी दिल्यावाचून योग्यता सिद्ध होणेच शक्य नाही? दुकानाची चावी मुलाच्या हाती केव्हा द्यावी, देवस्थानच्या समितीवर तरुण माणूस केव्हा घ्यावा, उत्सवातील कीर्तनाला नवा कीर्तनकार उभा करावा की गेली वीस वर्षे येणारेच बुवा बोलवावेत, हे सारे एकाच प्रश्नाचे निरनिराळे वेष आहेत. क्रिकेटमध्ये तो चव्हाट्यावर येतो, इतकेच. कारण तेथे धावफलक सर्वांना दिसतो.

आमच्या शहराला ह्या वादाची परंपरा जुनी आहे. १९२३ साली होळकर दरबाराने नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदुरास आणून आपल्या सैन्यात अधिकारपद दिले, आणि येथील क्रिकेटचा जणू पाया घातला गेला. पुढे १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा मोसमांत होळकर संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात दहा वेळा पोहोचला आणि चार वेळा विजयी झाला. म्हैसूरविरुद्ध १९४५-४६ साली त्या संघाने एका डावात आठ बाद ९१२ धावा केल्या, त्यात सहा जणांची शतके होती. त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी द्विशतक केले तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली होती. वय हाच निकष धरून त्यांना घरी बसविले असते, तर तो करंडक बहुधा इंदुरास आला नसता. वृद्धाला केवळ वृद्ध म्हणून वगळणे आणि तरुणाला केवळ तरुण म्हणून थांबविणे, हे दोन्ही आळसाचेच प्रकार होत. माणूस पाहण्याचे कष्ट टाळून माणसाचे वय पाहिले की निवडणाऱ्याचे काम सोपे होते खरे. पण ते काम झालेले नसते.

पण नायडूंचे आम्हांस वाटणारे मोठेपण त्या द्विशतकापेक्षा निराळ्याच गोष्टीत आहे. इंदुरातील तेरा वर्षांच्या एका मुलाचा खेळ त्यांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला हाताशी धरून घडविले. तो मुलगा म्हणजे सय्यद मुश्ताक अली. १९३४ साली कलकत्त्याच्या कसोटीत तो प्रथम उतरला तो डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून. फलंदाजीला त्याचा क्रम खालचा होता. दोनच वर्षांनी मँचेस्टर येथे तोच मुश्ताक सलामीस आला आणि त्याने ११२ धावा केल्या. परदेशातील कसोटीत भारतीय फलंदाजाने केलेले ते पहिले शतक. विजय मर्चंट यांच्यासह त्याने २०३ धावांची सलामी दिली. आता विचार करावा: १९३४ साली त्याच्या गोलंदाजीचे आकडे पाहून कोणी ‘पुरे झाले’ म्हटले असते, तर ते आकड्यांच्या दृष्टीने चुकीचे ठरले असते काय? नसते. आणि तरीही ती केवढी मोठी चूक झाली असती!

येथेच न्यायदान आणि निवड ह्यांमधील भेद ध्यानात घ्यावयास हवा. सामान्यतः लोक निवडसमितीला न्यायालय समजतात; वकील असल्यामुळे प्रारंभी आम्हीही तसेच समजत होतो. परंतु न्यायाधीशापुढे असते ती घडून गेलेली गोष्ट. पुरावा आहे तेवढ्यावर त्याने निर्णय द्यावयाचा. त्याच्या निर्णयाने भूतकाळ बदलत नाही. निवडणाऱ्यापुढे असते ती अद्याप न घडलेली गोष्ट. शिवाय त्याचा निर्णय त्या गोष्टीच्या घडण्यात स्वतःच सामील होतो. ज्याच्यावर विश्वास टाकला तो पुष्कळदा त्या विश्वासाच्या बळावर वाढतो. ज्याच्यावर टाकला नाही तो त्या अविश्वासानेच खुरटतो. मग निवडणारा म्हणतो, "पाहा, मी म्हणत होतो ना!" आपणच पाणी न घातलेल्या रोपाकडे बोट दाखवून हे रोप मुळातच कमजोर होते असे म्हणण्यासारखेच हे आहे. तात्पर्य, निवड हे मत नव्हे, ते कर्म आहे. आणि कर्म म्हटले की त्याचे उत्तरदायित्व आले.

आमच्या वाचकांस ह्याचा दाखला महाभारतात सापडेल. हस्तिनापुरातील शस्त्रपरीक्षेच्या दिवशी कर्ण रंगमंडपात उतरतो आणि अर्जुनाने दाखविलेले सारे कौशल्य दाखवितो. तेव्हा कृपाचार्य त्याला कुल विचारतात. म्हणजे परीक्षा धनुर्विद्येची आणि प्रश्न मात्र वंशाचा. एकलव्याची कथा याहून दारुण आहे. द्रोणाचार्यांनी प्रथम त्याला शिष्य म्हणून नाकारले. आणि नाकारलेला मुलगा स्वतःच्या साधनेने सिद्ध झाला, तेव्हा त्यांनी त्याचा अंगठा मागून घेतला. निवडणाऱ्याचे पाप वगळण्यात नसते. आपण वगळलेला माणूस आपल्यावाचून मोठा झालेला न सोसणे, हे ते पाप होय. परंतु ह्याच कथेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. दुर्योधनाने कर्णाला तत्क्षणी अंगदेशाचे राज्य दिले. सर्वांनी नाकारलेल्या माणसाला त्याने संधी दिली, हे खरे. पण ती संधी कर्णासाठी नव्हती, अर्जुनाविरुद्ध होती. कर्ण ते ऋण जन्मभर फेडीत राहिला आणि त्यातच संपला. म्हणून संधी देणारा प्रत्येक जण उपकारकर्ता असतो असेही नाही. विश्वासातही स्वार्थ असू शकतो.

स्वार्थाची गोष्ट निघाली म्हणून आप्तपक्षपाताविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण आपल्या संस्थांत नव्या माणसाची निवड झाली की पहिला प्रश्न हाच निघतो, "हा कोणाचा कोण?" सुनील गावसकर मुंबईकडून रणजीच्या पहिल्या सामन्यात उतरले आणि भोपळ्यावर बाद झाले. त्यांचे मामा माधव मंत्री हे मुंबईच्या निवडसमितीवर होते. लोक कुजबुजले. पुढच्याच सामन्यात गावसकरांनी शतक केले, आणि १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच कसोटी मालिकेत ७७४ धावा केल्या, तेव्हा ती कुजबूज कायमची विरली. परंतु वकिलाच्या दृष्टीने प्रश्न शिल्लक राहतोच. भोपळ्याच्या त्या संध्याकाळी कुजबुजणारे लोक दुष्ट होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. न्याय झाला एवढे पुरत नाही, तो झालेला दिसलाही पाहिजे, हे तत्त्व आमच्या व्यवसायात सर्वमान्य आहे. भाच्याला संधी देणाराने एकच कसोटी स्वतःस लावावी: हाच मुलगा परक्याचा असता, तर पहिल्या भोपळ्यानंतर मी त्याला दुसरा सामना दिला असता काय? उत्तर ‘होय’ असेल, आणि परक्यांच्या मुलांना तसे दुसरे सामने मिळत आले असतील, तर लोकांची जीभ आपोआप आवरते. आपल्या पुतण्याच्या बाबतीत धीर आणि परक्याच्या बाबतीत आकडे, असा दुहेरी तराजू मात्र कोणत्याही शतकाने शुद्ध होत नाही.

आता शेटजींच्या बाजूचा विचार करू. तो टाळून निकाल देणे एकतर्फी होईल. त्यांचे म्हणणे असे की, संघ हा खेळाडूंच्या शिक्षणासाठी नसतो. हा आक्षेप वरवरचा नाही. आमच्या व्यवसायात तो अधिकच टोकदार होतो. एखाद्या विधवेचे घर दाव्यात अडकलेले आहे; तिने आमच्या नावावर विश्वासून वकीलपत्र दिले आहे. तिचे घर म्हणजे आमच्या हाताखालील नवशिक्या वकिलाच्या अभ्यासाचे साधन नव्हे. त्याला अनुभव मिळावा म्हणून तिने बेघर व्हावे काय? कोणताही सरळ माणूस म्हणेल, नाही.

आणि नेमके हेच उत्तर आम्ही अनेक वर्षे स्वतःला देत आलो. येथे ते खाजगी कारण सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक तरुण वकील आमच्या कचेरीत आला. बुद्धीने तल्लख, वाचनाने पक्का. आमच्या फायली तो लावी, दाखले काढी, युक्तिवादाची टिपणे लिही. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे आम्ही उभे राहिलो की मागून योग्य कागद योग्य क्षणी पुढे करी. उभे मात्र आम्हीच राहत असू. पाच वर्षे अशी गेली. एकदा सुनावणीच्या दिवशी आम्ही तापाने अंथरुणावर होतो. प्रकरण लहान होते, त्याला ते मुखोद्गत होते. त्याने दूरध्वनीवरून विचारले, "साहेब, मी उभा राहू?" आम्ही म्हटले, "नको, तारीख मागून घे." त्याने तारीख मागून घेतली. पुढल्या महिन्यात तो निरोप घ्यावयास आला. रागावला नव्हता. जाताना एवढेच म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे खूप शिकलो. फक्त एकदा हरायला मिळाले असते तर बरे झाले असते."

हे वाक्य आम्हांस त्या वेळी उद्धटपणाचे वाटले. त्यातील सत्य कळावयास फार उशीर लागला. आम्ही स्वतः पहिले प्रकरण चालविले ते आमच्या वरिष्ठांच्या कृपेने, आणि ते हरलो. साक्षीदाराला विचारू नये तोच प्रश्न आम्ही विचारला होता. बाहेर ओसरीवर पक्षकार खिन्न उभा. आम्ही मान खाली घातलेली. वरिष्ठ पुढे झाले आणि त्या पक्षकाराला म्हणाले, "चूक माझी आहे. ह्याला तो प्रश्न टाळायला मी शिकविले नव्हते. अपिलाचा खर्च माझा." अपील त्यांनी स्वतः चालविले, पण मागे आम्हांस बसविले आणि पुढल्या प्रकरणात पुन्हा उभे केले. आमच्या हातून आज एखाद्या विधवेचे घर वाचत असेल, तर त्याची किंमत वीस वर्षांपूर्वी त्या पक्षकाराने आणि आमच्या वरिष्ठांनी मिळून दिलेली आहे.

शेटजींच्या आक्षेपाला उत्तर मिळते ते येथे. आजचा विजय आजच्या खेळाडूचा असतो, पण त्याचे भांडवल काल कोणी तरी सोसलेल्या पराभवांतून आलेले असते. कालच्या लोकांनी आमचे भोपळे सोसले. आता आम्ही मात्र कोणाचा भोपळा सोसणार नाही, असे म्हणणारा ऋण बुडविणारा ठरतो. शास्त्रांनी सांगितलेल्या ऋणांपैकी ऋषिऋण आपण अध्ययनाने फेडतो असे म्हणतात. आमच्या अल्पमतीस वाटते की, ते खरे फिटते अध्यापनाने. आणि अध्यापन म्हणजे केवळ सांगणे नव्हे, तर शिष्याला उभा करणे आणि तो पडेल तेव्हा शेजारी असणे. विधवेच्या घराचा प्रश्न ह्यामुळे नाहीसा होत नाही. म्हणून जोखीम तोलून द्यावी, लहान प्रकरणापासून आरंभ करावा, आणि मुख्य म्हणजे नुकसानीचा मोठा वाटा संधी देणाराने स्वतःच्या खांद्यावर घ्यावा. शिष्याचे अपयश शिष्याच्या माथी आणि यश मात्र आपल्या पदरी, असा हिशेब ठेवणाराने कोणाची निवड करण्याच्या भानगडीत पडू नये.

आपल्या देवळांतून हे शहाणपण पूर्वापार चालत आलेले आहे. गोव्या-कोकणात जत्रेच्या रात्री देवापुढे नाटक होते. पहिल्या वर्षी मुलाला भालदाराचे काम मिळते. तो ‘महाराजांचा विजय असो’ एवढे बोलतो, आणि तेवढ्यातही अडखळतो. गाव हसते, पण दुसऱ्या वर्षी त्याला काढून टाकीत नाही; दूताचे काम देते. दहा-बारा वर्षांनी तोच मुलगा राजा होऊन उभा राहतो. ते नाटक देवाची सेवा आहे, म्हणून गावाला घाई नसते. आणि प्रत्येकाचा कोणी ना कोणी केव्हा तरी तेथे अडखळलेला असतो, म्हणून हसण्यात विष नसते. क्रिकेटच्या मैदानावर लाखो लोक बसतात, पण त्यांत असे गाव क्वचित आढळते.

प्रेक्षकाचा धर्म कोणता, हा प्रश्न त्यामुळे आपोआप पुढे येतो. १९४५ साली ऑस्ट्रेलियाच्या सैनिकी संघाविरुद्धच्या कलकत्त्यातील सामन्यातून मुश्ताक अलींना वगळले, तेव्हा जमावाने निवडसमितीचे दुलीपसिंहजी यांना घेरून ‘मुश्ताक नाही तर सामना नाही’ अशा घोषणा दिल्या. आणि मुश्ताक अलींना परत घ्यावे लागले. इंदूरकर म्हणून आम्हांस ह्या घटनेचा अभिमान वाटतो; वकील म्हणून मात्र ती अस्वस्थ करते. त्या दिवशी जमाव बरोबर होता असे मानले, तरी जमावाच्या भीतीने बदललेला निर्णय हा न्याय नव्हे. कारण तोच जमाव उद्या उलट फिरतो. त्याचा पुरावा आमच्याच शहरात आहे. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड येथे विजय मिळविले. वाडेकरांना कर्णधार केले गेले तेही निवडसमितीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे विजय मर्चंट यांच्या, निर्णायक मताने. इंदूरकरांनी त्या विजयाच्या स्मरणार्थ सिमेंटची एक प्रचंड बॅट उभारली, तिच्यावर खेळाडूंची नावे कोरली, आणि तिला ‘विजय बल्ला’ म्हटले. तीनच वर्षांनी, १९७४ साली, इंग्लंडमध्ये तीनही कसोटी सामने आपण हरलो. लॉर्ड्सवर ४२ धावांत डाव आटोपला. मग त्याच विजय बल्ल्याला डांबर फासले गेले. ज्या हातांनी हार घातले असतील त्यांपैकीच काही हातांनी डांबर फासले असेल. ह्या दोन्ही कृत्यांत त्यांना स्वतःला काहीच गमवावे लागले नाही, हे विशेष. ज्याला जोखीम नाही त्याला मत असू नये असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच्या मतात थोडी नम्रता आणि थोडी स्मृती तरी असावी.

वगळणे हाच अन्याय, असे मास्तरांचे म्हणणे होते. तेही जसेच्या तसे मान्य करता येत नाही. अकरा जागा आणि पंधरा माणसे असली की चौघांना बसावेच लागते. बसविण्यात अपमान नाही. अन्याय सुरू होतो तो दोन ठिकाणी: कारण सांगितले जात नाही तेथे, आणि दार कायमचे लोटले जाते तेथे. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम नऊ धावांवर असताना प्रतिपक्षाच्या कर्णधाराने पुढे खेळण्याचे नाकारले. आमच्या होळकर संघाच्या त्या ९१२ धावांतही निंबाळकरांच्या १७२ होत्या. २०१२ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षात, ते निवर्तले. एकाही अधिकृत कसोटीत त्यांना खेळविले गेले नाही. कारण कोणते, हे त्यांना कधी नीट सांगितले गेले असेल असे वाटत नाही. उत्तर न मिळालेला माणूस जन्मभर स्वतःलाच प्रश्न विचारीत राहतो, आणि ही शिक्षा कोणत्याही दंडसंहितेत नाही.

अमोल मुजुमदार यांची कथा ह्याच जातीची, पण तिचा शेवट निराळा आहे. १९८८ साली शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागी करीत असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. पुढे रणजीतील पहिल्याच सामन्यात त्यांनी २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत एकूण अकरा हजारांहून अधिक धावा केल्या, आणि भारताकडून खेळण्याची पाळी कधीच आली नाही. आता वाचकांनी लक्ष द्यावे. २०२५ च्या त्या रात्री इंदूरच्या मैदानावर जो संघ उतरला, त्याचे मुख्य प्रशिक्षक हेच मुजुमदार होते. ज्याचे आयुष्य प्रतीक्षेत गेले, त्याच्याच संघात एका मुलीला बाहेर बसविण्याचा निर्णय झाला. त्यांच्या मनात त्या वेळी काय आले असेल हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही; परंतु पुढे जे घडले ते सर्वांसमोर आहे. चारच दिवसांनी, भाऊबीजेच्या दिवशी, न्यूझीलंडविरुद्ध जेमिमाला परत घेतले गेले. तिने नाबाद ७६ धावा केल्या. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना ती तिसऱ्या क्रमांकावर आली आणि नाबाद १२७ धावा करून परतली. त्या दिवसांत मनाला झालेल्या यातना तिने नंतर अश्रू न लपविता सांगितल्या. २ नोव्हेंबरला भारताने विश्वचषक जिंकला.

येथे एक मोह आवरला पाहिजे. शतक झाले म्हणून तिला परत घेणे योग्य ठरले, असे म्हणणे तर्काला धरून नाही. समजा, ३० ऑक्टोबरला ती पुन्हा शून्यावर बाद झाली असती. तर परत घेण्याचा निर्णय अन्यायाचा ठरला असता काय? मुळीच नाही. दार उघडे ठेवले, यातच त्या निर्णयाची योग्यता होती. शतक हा त्यावरचा प्रसाद. फळ पाहून कर्माचे मोल ठरवावयाचे नाही, हे आपण रोज देवळात ऐकतो आणि सामना संपताच विसरतो. आमच्या मध्य प्रदेशाने चंद्रकांत पंडित यांच्या कर्णधारपदाखाली १९९९ साली बंगळूरला रणजीचा अंतिम सामना गमावला, आणि तेच पंडित प्रशिक्षक असताना २६ जून २०२२ रोजी त्याच मैदानावर मुंबईला हरवून करंडक जिंकला. राष्ट्रीय संघात गेलेले वेंकटेश अय्यर आणि आवेश खान त्या सामन्यात नव्हते. यश दुबे, शुभम शर्मा आणि इंदूरचा रजत पाटीदार ह्यांनी शतके केली. त्याच पाटीदाराला त्या वर्षीच्या आयपीएल लिलावात कोणी बोलीही लावली नव्हती. परंतु आम्ही हे सांगतो ते ‘शेवटी न्याय मिळतोच’ अशा समाधानासाठी नव्हे. निंबाळकरांना तो मिळाला नाही. मिळेलच अशी हमी नाही, म्हणूनच तो देण्याचे काम आपल्याकडे येते.

तेव्हा राखून ठेवलेला निकाल असा. शेटजी, आपले म्हणणे बरोबर की संघ शाळा नव्हे. पण शाळेवाचून संघ तयार होत नाही, आणि आपल्या दुकानात तराजू प्रथम हाती धरला तेव्हा आपलेही माप चुकले असेलच. मास्तर, आपले म्हणणे बरोबर की दोन अपयशांवरून माणूस तोलू नये. पण बसविले म्हणजे टाकून दिले, असे नव्हे. जो निवडतो त्याने कारण उघड सांगता येईल असे ठेवावे, वगळलेल्यासाठी दार उघडे ठेवावे, आणि निवडलेल्याच्या अपयशात आपला वाटा न मागता उचलावा. एवढे करणाराच्या हातून चुका होतील, पण अन्याय होणार नाही. खर्चाविषयी हुकूम नाही.

हा निकाल आमच्याच विरुद्ध जातो, हे आम्ही जाणतो. तो तरुण आज दुसऱ्या शहरात वकिली करतो. त्याला आम्ही पत्र लिहून आमची चूक कळविली आहे. सध्या आमच्या कचेरीत एक मुलगी शिकाऊ वकील म्हणून आहे. मागील महिन्यात भाडेकरूच्या एका दाव्यात आम्ही तिला प्रथमच उभे केले आणि स्वतः मागच्या बाकावर कागद घेऊन बसलो. मध्ये एकदा ती अडखळली. आम्ही उठता उठता राहिलो. दाव्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो कसाही लागो, पुढल्या तारखेलाही तीच उभी राहील.